संगणकाचा रेडिएटर निवडताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी निवडलेले पाचही प्रश्न पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाच्या रेडिएटरविषयी आहेत. अशा संगणकात पंपाने फिरणारे पाणी चिपवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यातून (वॉटर ब्लॉक) उष्णता घेते आणि पंखे लावलेल्या रेडिएटरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमार्फत (फिन) ती हवेला देते; पाण्याच्या या फेऱ्याला लूप म्हणतात, आणि सुटे भाग घेऊन तो स्वतः जोडला तर कस्टम लूप. ते वेगवेगळ्या गावांहून आले असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रेडिएटरमधून वाहणारे पाणी आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरक. हा फरक आपल्याला किती चालणार आहे हे आधी ठरवले, तर रेडिएटरचा आकार, जाडी आणि पंखे यांची निवड बरीच सोपी होते. ते न ठरवता खोक्यावरचा आकडा पाहून खरेदी केली, तर पैसे खर्च करूनही संगणक तापतच राहतो.

प्रश्न: मी त्रिमितीय ॲनिमेशनचे काम करतो. रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड, दोन्ही एकाच कस्टम लूपमध्ये घ्यायचे आहेत. दुकानदाराच्या मते ३६० मिमीचा एक रेडिएटर पुरेसा आहे. मे महिन्यात दुपारी माझ्या खोलीत ३८ अंश तापमान असते आणि रेंडरिंग तासन्‌तास चालते. एक रेडिएटर पुरेल का? खोलीत डेझर्ट कूलर लावल्याने काही फरक पडेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: एक रेडिएटर पुरणार नाही. का पुरणार नाही हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण हाच हिशेब इतर वाचकांनाही आपापल्या यंत्रासाठी करता येईल.

कॅबिनेटमध्ये जागा किती आहे हे पाहून रेडिएटर घेण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक सुरुवात वॉटपासून व्हायला हवी. आपल्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात १७० वॉट हा आकडा दिलेला असला, तरी मूळ सेटिंगवर तो सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो, आणि ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॉट आहे. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून दोन्ही भाग एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालले तर लूपमध्ये ६८० वॉट उष्णता येईल. गेम खेळताना हा आकडा क्वचितच गाठला जातो. परंतु प्रोसेसर आणि कार्ड या दोहोंवर रेंडरिंग तासन्‌तास चालणार असेल, तर हाच आकडा धरून चालावे.

एवढी उष्णता वाहून नेणे पाण्याला अवघड नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते, त्यामुळे पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल, तर ६८० वॉट घेऊनही पाण्याचे तापमान एका फेरीत अडीच अंशांहून कमीच वाढते. म्हणजे लूपमध्ये सगळीकडे पाणी जवळपास सारख्याच तापमानाचे असते. पाणी आधी प्रोसेसरकडे जावे की कार्डाकडे, दोहोंच्या मध्ये रेडिएटर असावा की नसावा, यावर डोके शिणवण्याचे त्यामुळे कारण उरत नाही. नळ्या आखूड आणि सोयीच्या पडतील तो क्रम ठेवावा. फक्त टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर असावी, म्हणजे पंप कोरडा पडत नाही.

खरी अडचण हवेची आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला जेमतेम १.२ किलोज्यूल पुरतात. १२० मिमीच्या एखाद्या पंख्याच्या खोक्यावर मिनिटाला ६० घनफूट, म्हणजे सुमारे १.७ घनमीटर, असा आकडा असतो. पण तो मोकळ्यावर, पूर्ण वेगाने फिरतानाचा असतो. रेडिएटरच्या फिनमधून, कानाला सोसवेल अशा वेगाने, त्याच्या निम्मी हवा गेली तरी चांगले म्हणावे. तेवढी हवा प्रत्येक अंशामागे सुमारे १७ वॉट उचलते. ३६० मिमीच्या, म्हणजे असे तीन पंखे मावणाऱ्या, एका रेडिएटरवर ६८० वॉट टाकले, तर प्रत्येक पंख्याच्या वाट्याला सुमारे २२७ वॉट येतात आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १३ अंशांहून अधिक तापलेली असते. उष्णता पाण्याकडून हवेकडे जायची तर पाणी त्या हवेपेक्षाही गरम असावे लागते, म्हणून पाणी आणि खोली यांतील फरक १७-१८ अंशांपर्यंत जाईल असे धरावे. खोली ३८ अंशांवर असताना पाणी ५५ अंशांच्या पुढे गेले, असा याचा अर्थ झाला. डी५ जातीच्या पंपांना उत्पादक ६० अंशांची मर्यादा घालून देतात. कडक नळ्या वापरणाऱ्यांनी तर पाणी ५० अंशांच्या वर जाऊच देऊ नये, कारण नळी मऊ पडली की जोड सुटण्याचा धोका असतो. मर्यादेच्या इतके जवळ यंत्र चालवले, तर फिनमध्ये थोडी धूळ साचताच किंवा एखादा पंखा बंद पडताच ती ओलांडली जाईल.

आता तीनऐवजी सहा पंखे धरू. प्रत्येकाच्या वाट्याला ११३ वॉट येतील, बाहेर पडणारी हवा सात अंशांहून कमी तापेल, पाणी खोलीपेक्षा सुमारे १० अंशांनी अधिक, म्हणजे ४८ अंशांच्या आसपास स्थिरावेल. हौशी मंडळींत एका पंख्यामागे १०० वॉट असा जो ठोकताळा रूढ आहे, तो याच हिशेबातून येतो. म्हणून माझी शिफारस अशी, की ३६० मिमीचे दोन रेडिएटर घ्यावेत, आणि कॅबिनेटमध्ये मावत असेल तर त्यांपैकी एक ४२० मिमीचा, म्हणजे १४० मिमीच्या तीन पंख्यांचा, घ्यावा.

दोन रेडिएटर घेतल्यावर मांडणीकडे दुर्लक्ष करू नये. पुढचा रेडिएटर बाहेरची हवा आत ओढतो आणि वरचा रेडिएटर आतली हवा बाहेर टाकतो, अशी रचना नेहमी पाहायला मिळते. तिच्यात वरच्या रेडिएटरला पुढच्याने तापवलेली हवा मिळते, आणि त्याच्या दृष्टीने जणू खोलीच पाच-सहा अंशांनी अधिक गरम होते. शक्य असेल तर दोन्ही रेडिएटरना बाहेरची ताजी हवा द्यावी आणि तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी मागे व उरलेल्या बाजूला जाळी मोकळी ठेवून तेथे साधे पंखे लावावेत. कॅबिनेटमधली हवा त्यामुळे थोडी गरम राहते; परंतु मुख्य उष्णता देणारे दोन्ही भाग पाण्यावर असल्याने ते चालते, फक्त एसएसडी आणि मदरबोर्डावरील वीजपुरवठ्याचे भाग यांच्यावर एखाद्या पंख्याची झुळूक राहील असे पाहावे.

एका अपेक्षेबद्दल आधीच सावध करतो. रेडिएटर फक्त पाणी आणि हवा यांतील फरक कमी करतो. चिप आणि पाणी यांच्यातील फरक वॉटर ब्लॉक, त्याच्या खाली लावलेली उष्णतावाहक थर्मल पेस्ट आणि चिपची स्वतःची रचना यांवर अवलंबून असतो आणि रेडिएटर कितीही वाढवला तरी तो कमी होत नाही. आपल्या प्रोसेसरमध्ये मोठी उष्णता अगदी लहान चिपांमधून आणि वरच्या जाड धातूच्या झाकणातून बाहेर यावी लागते, शिवाय पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाऊ द्यायचे अशीच त्याची आखणी आहे. दुसरा रेडिएटर लावूनही प्रोसेसरचा आकडा ९०च्या घरात दिसला तर रेडिएटर वाया गेला असे समजू नये. ग्राफिक्स कार्डाची चिप मोठी असते आणि वॉटर ब्लॉक थेट तिच्यावर बसतो, त्यामुळे पाण्याच्या तापमानातील सुधारणा तिथे चटकन दिसते. लूपमध्ये पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर जरूर बसवावा आणि पंख्यांचा वेग चिपऐवजी त्या सेन्सरच्या आकड्यावर ठेवावा. चिपचे तापमान क्षणोक्षणी वरखाली होते आणि पंखे विनाकारण घोंघावत राहतात.

कूलरचा उपयोग निश्चित होईल. रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही, मात्र खोली जितक्या अंशांनी थंड होईल तितक्याच अंशांनी पाणीही थंड होते, आणि विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर खोली चांगलीच उतरवतो. कूलरचा झोत थेट संगणकावर मात्र घेऊ नये, कारण त्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार आणि त्यांतील क्षार येतात. खोली वातानुकूलित करण्याचा विचार असेल, तर दीड टनाच्या यंत्राची सुमारे ५.३ किलोवॉटची क्षमता आणि आपल्या संगणकाचे ६८० वॉट यांचा मेळ घालून पाहावा. त्या यंत्राच्या क्षमतेचा जवळजवळ आठवा हिस्सा एकटा संगणक घेईल.

प्रश्न: माझ्या कॅबिनेटमध्ये वरच्या बाजूला २८० किंवा ३६० मिमी, दोन्ही बसतात. ३६० नेहमीच चांगला का? आणि ३० मिमी जाडीचा घ्यावा की ६० मिमीचा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: लांबीच्या आकड्यांवरून फार मोठा वाटणारा हा फरक क्षेत्रफळात लहान आहे. २४० मिमीच्या रेडिएटरचे पंख्यांखालचे क्षेत्रफळ २८८ चौरस सेंटिमीटर भरते, २८० मिमीचे ३९२ आणि ३६० मिमीचे ४३२. म्हणजे २४० वरून २८० वर गेल्यास ३६ टक्के वाढ मिळते. २८० वरून ३६० वर गेल्यास जेमतेम दहा टक्के. १४० मिमीचे दोन चांगले पंखे कमी वेगात फिरूनही पुरेशी हवा देतात आणि त्यांचा आवाज खर्जातला असल्याने कमी टोचतो. त्यामुळे केवळ प्रोसेसर पाण्यावर घ्यायचा असेल आणि शांतता हवी असेल, तर मी २८० मिमी निःसंकोच निवडेन. ग्राफिक्स कार्डही जोडायचे असेल, तर मोजपट्टी पुन्हा काढून ४२० मिमी कोठे बसतो का ते पाहावे. त्याचे क्षेत्रफळ ५८८ चौरस सेंटिमीटर आहे आणि ही उडी खरोखर मोठी आहे.

जाडीच्या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. जाडी दुप्पट केली म्हणजे काम दुप्पट होते असे नाही, कारण हवा रेडिएटरच्या पहिल्या काही मिलिमीटरांतच बरीच तापते आणि पुढच्या भागात तिच्या आणि पाण्याच्या तापमानांत फारसा फरक उरत नाही. पंखे मंद फिरत असतील तर हे अधिकच जाणवते. जाड रेडिएटर वापरण्याचा लाभ खरा मिळतो तो पंखे जोरात फिरवल्यावर किंवा दोन्ही बाजूंना पंखे लावल्यावर, आणि तेवढा आवाज घरात सहसा कोणाला नको असतो. जागा असेल तर जाडी वाढवण्यापेक्षा क्षेत्रफळ वाढवावे, हा माझा ठाम सल्ला आहे. मोठे क्षेत्रफळ घेण्याला जागाच नसेल तेव्हाच ४५ किंवा ६० मिमीचा विचार करावा.

जाडीइतकीच फिनची दाटी महत्त्वाची आहे आणि ती जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही. एका इंचात किती फिन आहेत हा आकडा माहितीपत्रकात एफपीआय या नावाने असतो. दहाच्या आसपास असेल तर मंद पंख्यांनाही हवा ढकलता येते. वीसच्या पुढे असेल तर हवा अडते आणि तिला ढकलण्यासाठी अधिक स्थिर दाब देणारे, वेगाने फिरणारे पंखे लागतात. आपल्याकडच्या धुळीत दाट फिन लवकर तुंबतात आणि साफ करणेही कठीण जाते, म्हणून घरगुती वापरासाठी दहा ते सोळा एफपीआयच्या दरम्यान राहावे. पंखे घेतानाही मोकळ्यावर किती हवा फेकतो यापेक्षा स्थिर दाबाचा आकडा पाहावा.

प्रश्न: माझ्याकडे मोटारसायकलचा एक सुस्थितीतला जुना रेडिएटर आहे आणि तांब्याचा वॉटर ब्लॉक आहे. दोन्ही जोडून खर्च वाचवता येईल का? समुद्राजवळच्या दमट हवेत आतल्या भागांवर दव धरण्याचा धोका आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: कल्पना नवी नाही. संगणकासाठी खास रेडिएटर सहज मिळत नसत त्या काळात अनेक देशांतील हौशी लोक मोटारींच्या हीटरमधील छोटे रेडिएटर वापरत असत आणि ते उत्तम चालत. पण त्यांतले पसंतीचे रेडिएटर तांबे-पितळेचे होते. मोटारसायकलचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, आणि ॲल्युमिनियम व तांबे एकाच पाण्यात एकमेकांशी जोडले गेले की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजू लागते. आधी पाणी गढूळ होते, मग वॉटर ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटी गाळाने भरतात, आणि शेवटी रेडिएटरला बारीक भोक पडते, तेही नेमके महागड्या कार्डाच्या वर. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर ही जोडी करू नये.

बाजारातील बहुतेक बंदिस्त, म्हणजे ऑल-इन-वन, कूलरमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा तळ एकत्र असतात, मग ते कसे चालते, हा प्रश्न आपल्या मनात येईल. तिथे कारखान्यातच मोजून भरलेल्या द्रवात गंजरोधक रसायने असतात आणि काही वर्षांनी तो कूलर बदलायचा हे गृहीत धरलेले असते. कस्टम लूप आपण पुन्हा पुन्हा उघडतो, पाणी बदलतो, त्यामुळे तिथे सर्व भाग तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा या एकाच कुटुंबातले ठेवावेत. पाणी डिस्टिल्डच वापरावे, त्यात शेवाळ आणि गंज या दोहोंना रोखणारे संगणकासाठीचे द्रव्य उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात घालावे. मोटारीचा कूलंट मिळतो स्वस्त, पण त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, त्याने पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते आणि द्रव दाट होतो. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर तो मुळीच आणू नये.

दवाची काळजी करू नये. दव धरायला पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड असावा लागतो, आणि साध्या रेडिएटरवर चालणाऱ्या लूपमधले पाणी खोलीपेक्षा नेहमीच थोडे गरम असते. खाऱ्या हवेचा परिणाम बाहेरच्या अंगावर होतो; फिनवर एकसारखा रंगाचा थर असलेला रेडिएटर घ्यावा आणि साचलेली धूळ मऊ ब्रशने वेळच्या वेळी काढावी, कारण मीठ असलेली धूळ हवेतला ओलावा धरून ठेवते.

प्रश्न: रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरसाठी २४० मिमीचा ऑल-इन-वन कूलर घ्यायचा आहे. रेडिएटर पुढे लावला तर नळ्या वर याव्यात की खाली? (एक वाचक, पुणे)

उत्तर: खाली, कॅबिनेटमध्ये तेवढी लांबी मिळत असेल तर. अशा कूलरचा पंप बहुधा प्रोसेसरवरच्या ठोकळ्यात असतो आणि आत थोडी हवा नेहमीच असते, जी नळ्यांतून द्रव हळूहळू उडून गेल्याने वर्षागणिक वाढते. ही हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरचे वरचे टोक असली तर काही बिघडत नाही. ती पंपाची असली तर खळखळ ऐकू येते आणि पंपाचे आयुष्य घटते. म्हणून रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच असणे ही पहिली अट आहे. कॅबिनेटच्या छताला रेडिएटर लावला तर ती बहुधा आपोआप पाळली जाते, आणि नळ्या खाली ठेवल्याने वर साचलेली हवा त्यांच्यात ओढली जात नाही.

मात्र आपल्या प्रोसेसरला हा खर्च आवश्यक आहे का, याचा विचार करावा. त्याचा जाहीर आकडा १२० वॉट असला तरी गेम खेळताना तो त्याहून बराच कमी वीज घेतो, आणि फक्त हवेवर चालणारा दोन पंख्यांचा चांगला टॉवर कूलर त्याला आरामात सांभाळतो. त्यात पंप नाही, गळती नाही, आणि पंखा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. वाचलेले पैसे मोकळ्या जाळीच्या कॅबिनेटवर खर्च केले, तर ग्राफिक्स कार्डालाही त्याचा लाभ होईल.

प्रश्न: पहिल्यांदाच कस्टम लूप जोडतो आहे. ३६० मिमीचा रेडिएटर मागवण्यापूर्वी आणि बसवताना काय पाहावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ३६० हा आकडा फक्त तीन पंख्यांची लांबी सांगतो. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या कप्प्यांमुळे प्रत्यक्ष रेडिएटर ३९० ते ४०० मिमीपर्यंत भरतो, आणि त्यापुढे फिटिंग व नळीच्या वळणाला जागा लागते. जाडी मोजताना पंख्याचे २५ मिमी मिळवावेत. ३० मिमीचा रेडिएटर म्हणजे एकूण ५५ मिमी झाले, आणि वर बसवताना हे ५५ मिमी रॅमच्या उंच पट्ट्यांवर आणि मदरबोर्डाच्या वरच्या कडेच्या हीटसिंकवर येऊन आदळत नाहीत ना, ते कागदावर आकृती काढून तपासावे. संगणकासाठीच्या बहुतेक रेडिएटरवर जी १/४ मापाचे आटे असतात, त्यामुळे फिटिंगची फारशी चिंता नाही.

नव्या रेडिएटरच्या आत डाखकामाच्या वेळचे फ्लक्स आणि धातूचा चुरा राहिलेला असतो. तो जोडण्यापूर्वी गरम डिस्टिल्ड पाणी निम्म्यापर्यंत भरून, तोंडे बंद करून चांगला हलवावा आणि पाणी पांढऱ्या भांड्यात ओतून पाहावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावे. हा टप्पा गाळणाऱ्यांचे वॉटर ब्लॉक लवकर तुंबतात.

सर्वांत अधिक काळजी स्क्रूची घ्यावी. पंखा बसवण्याच्या छिद्रांच्या थेट खाली काही रेडिएटरमध्ये संरक्षक पट्टी असते, काहींत पाण्याची नळी असते, आणि लांब स्क्रू आवळला की तो नळीत घुसतो. पंख्यासाठी दिलेला ३० मिमीचा स्क्रू पंखा न लावता थेट कॅबिनेटच्या पत्र्यातून रेडिएटरमध्ये घातला, तर नळी फुटलीच म्हणून समजावे. तिथे आखूड स्क्रू असतात तेच वापरावेत आणि आटे एम३ मापाचे आहेत की ६-३२ मापाचे हे आधी हाताने फिरवून पाहावे. सर्व जोडून झाल्यावर मदरबोर्ड आणि कार्ड यांची वीज काढून ठेवावी, पॉवर सप्लायची जोडणी फक्त पंपाला करून तो चालवावा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवावा आणि एक रात्र तसेच चालू द्यावे. सकाळी एखादाही कागद ओला दिसला, तर पाणी काढून तो जोड पुन्हा बसवावा आणि चाचणी पहिल्यापासून घ्यावी.